कढीपत्त्यावरची अळी आणि लेकीची मैत्रीण

बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर लेकीने मला 'पक्ष्याची शी' दाखवली. जवळून पाहिलं तर ती चक्क पानं खात होती!

कॉमन मॉरमॉन आणि लाइम ही फुलपाखरं लिंबू, कढीपत्ता अशा झाडांवर अंडी घालतात. लहान अळी काळपट-पांढरी, अगदी विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलं यावर बेहद्द खूश असतात. (सारखं डिवचू मात्र देऊ नका.)

खालच्या मजल्यावरची मुलगी एरवी कुणात मिसळत नाही. अळी बघायला म्हणून आली, आता शाळा सुटली की थेट आमच्याकडे. दोघी फारसं बोलत नाहीत, नुसत्या शेजारी बसून बघतात. कोशाला फांदीशी धरून ठेवणारा रेशमाचा बारीक धागा आधी तिलाच दिसला. मुलांना 'जा, मैत्री कर' म्हणण्यापेक्षा मिळून बघायला काहीतरी द्यावं, असं माझं ठाम मत झालंय.

आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही कॉमन मॉरमॉन आणि लाइमच्याच कुळातलं. २०१५ साली राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात.

तेव्हा कढीपत्त्यावर अळी दिसली तर औषध फवारू नका. फोटो कमेंटमध्ये टाका, ओळखायला नक्की मदत करेन.