शेजारच्या खुर्चीवरून दिलेले गुण

अप्रेझलच्या फॉर्मात हल्ली एक प्रश्न असतो : ‘तुमचा सहकारी सिस्टिम्स थिंकिंग करतो का? १ ते ५ गुण द्या.’ म्हणजे, आपल्या कामाचे धागे पुढेमागे कुठे गुंतलेत ते त्याला दिसतं का? आपण चहाचा घोट घेत ४ वर क्लिक करून मोकळे होतो.

गैरसमज : रोज सोबत काम करणाऱ्याला हे नेमकं कळतं.

वस्तुस्थिती : एमआयटीत जन्मलेला ‘बिअर गेम’ पाहा. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चौघे एका रांगेत बसतात. आपसात बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या सरकवायच्या. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला ४ पेट्या असते. पाचव्या आठवड्यात ती ८ होते आणि शेवटपर्यंत तेवढीच राहते. पण माल यायला वेळ लागतो, तेवढ्यात घाबरून जो तो ऑर्डर फुगवत जातो. आधी टंचाई, मग पेट्यांचे डोंगर. खेळ संपल्यावर बहुतेक जण गिऱ्हाइकाला नाहीतर शेजाऱ्याला शिव्या घालतात. अशा वेळी कारखानावाल्याच्या हाती तो फॉर्म दिला, तर वितरकाच्या वाट्याला १ तरी येईल का? वितरकानं मात्र तेच केलेलं असतं, जे त्या खुर्चीत बसलेला जवळजवळ प्रत्येक जण करतो.

गैरसमज : गुण म्हणजे ज्याला दिले त्याचं माप.

वस्तुस्थिती : ते बरंचसं देणाऱ्याचंच माप असतं. साडेचार हजारांच्या आसपास व्यवस्थापकांना वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालच्यांनी दिलेले गुण २००० साली तपासले गेले. गुणांतल्या फरकाचा निम्म्याहून मोठा भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या धाटणीतून आला होता. मीटिंगमध्ये छान बोलणारा ‘दूरदृष्टीचा’ ठरतो, हे वेगळं सांगायला नकोच.

गैरसमज : शिकलेल्यांना सिस्टिम्स थिंकिंग आपोआप जमतं.

वस्तुस्थिती : आपलं शाळेतलं नळ-हौदाचं गणित आठवा. तसलंच गणित एमआयटीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवलं, तर पाण्याची पातळी काढताना बरेच जण चुकले.

मग सहकाऱ्यांना विचारूच नये? विचारावं, पण गुण नव्हे, प्रसंग विचारावा. बिअर गेममध्ये लोक हमखास विसरतात ते मागवलेला पण अजून वाटेत असलेला माल. तेव्हा फॉर्मात एवढंच असावं : गेल्या वेळी काम तुंबलं, तेव्हा नवी मागणी टाकण्याआधी यानं वाटेतलं मोजलं होतं का?