विषाला साखरेचें आमिष

गाय निरोगी दिसते, चारा नीट खाते, दूधहि नेहमीप्रमाणें देते. तरी तिच्या शेणांत माणसास घातक असा एक जंतु असूं शकतो. त्यास 'ई. कोलाय ओ १५७' असें म्हणतात. इ. स. १९८२ मध्यें अमेरिकेंत, कच्च्या राहिलेल्या गोमांसाच्या वड्यांतून पसरलेल्या सांथींत, तो प्रथम ओळखला गेला. हा जंतु शिगा जातीचें विष सोडतो. त्यानें रक्ताची हगवण लागते आणि कांहीं रोग्यांचीं, विशेषतः लहान मुलांचीं, मूत्रपिंडें निकामी होतात. मग गाय सुखरूप कशी राहते, असा प्रश्न आमच्या वाचकांस सहजच पडेल.

याचें कारण असें कीं, हें विष पेशींत शिरण्यापूर्वीं तिच्या अंगावरील एका विशिष्ट शर्करेस चिकटतें. ही शर्करा म्हणजे तीन दुव्यांची साखळी होय. ग्लुकोज व गॅलॅक्टोज हे दुधांतील साखरेचे दोन दुवे, आणि त्यांस जोडलेला आणखी एक गॅलॅक्टोज. माणसाच्या मूत्रपिंडांत ही साखळी विपुल असते. गुरांच्या रक्तवाहिन्यांत ती आढळत नाहीं.

तेव्हां तशीच साखळी प्रयोगशाळेंत बनवून विषापुढें टाकली, तर तें पेशी सोडून तिलाच चिकटेल, अशी कल्पना शास्त्रज्ञांस सुचली. परंतु एकेरी साखळीची पकड दुबळी असते. विषाच्या कणास चिकटण्याचे पांच भाग असतात, व प्रत्येकावर साखळी बसण्याच्या अनेक खांचा. मारका बैल एका दाव्यानें आवरत नाहीं. दोहों बाजूंनीं दावीं लावावीं लागतात, त्यांतलाच हा प्रकार. कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठांत डेव्हिड बंडल व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २००० मध्यें 'स्टारफिश', म्हणजे तारामासा, या नांवाचा रेणु प्रसिद्ध केला. मध्यें ग्लुकोज, त्यास पांच हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकास दोन साखळ्या. एकेरी साखळीपेक्षां त्याची विष रोखण्याची शक्ति दहा लाख पटींहून अधिक भरली. एक रेणु दोन विषकणांस एकदम जखडतो असेंहि दिसून आलें.

मात्र परीक्षानळींतील यश म्हणजे रोग्याचा आराम नव्हे. हीच साखळी वाळूच्या जातीच्या कणांवर बसवून केलेलें एक औषध मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या मुलांस पोटांतून देऊन पाहिलें. त्याचा उपयोग झाला नाहीं, असें इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालें. रोग ओळखेपर्यंत विष आंतड्यांतून रक्तांत गेलेलें असावें, हें त्याचें संभवनीय कारण होय.

यास्तव शेतकऱ्यानें आपला बंदोबस्त गोठ्यापासूनच करावा. दूध उकळून प्यावें, शेणांत काम केल्यावर हात साबणानें धुवावे, आणि कच्च्या खाण्याच्या भाज्यांस ताजें शेण न घालतां चांगलें कुजलेलें खत घालावें. विष घरांत येऊं न देणें हें त्यास मागाहून पकडण्याहून केव्हांहि सोपें.