गंध, रुची आणि शब्द : जव्हार-मोखाड्याच्या निमित्ताने

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत दृष्टी आणि श्रवण यांचे विवेचन विस्ताराने येते. घ्राण आणि रसना यांची बोळवण मात्र थोडक्यात होते. याचे एक कारण असे सांगितले जाते की, गंधाला भाषाच नसते. हे मत फार जुने आहे. प्लेटोने 'तिमेअस' या संवादात गंधांना स्वतंत्र नावे नाहीत, सुखद आणि असुखद एवढाच भेद त्यांत करता येतो, असे प्रतिपादन केले. आपल्याकडे अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रसाचे सहा प्रकार सांगितले आहेत. गंधाचे दोनच, सुरभी आणि असुरभी. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन परंपरा एकाच निष्कर्षाला याव्यात, तेव्हा तो मनुष्यस्वभावाचाच धर्म असावा असे वाटणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीविषयी शंका उपस्थित करावयाची आहे.

प्रथम इंद्रियांचा व्यापार थोडक्यात पाहू. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली घ्राणग्राहकांच्या जनुकांचे कुल उजेडात आणले व त्याबद्दल त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक कार्यक्षम असतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचे प्रकार तीनच. म्हणजे भेद करण्याची शक्ती नाकाला कमी नाही. शिवाय आपण ज्याला 'चव' म्हणतो तिचा मोठा भाग जिभेचा नसून नाकाचा असतो. घास चावताना अन्नाचे वायुरूप अंश घशामागून नाकात चढतात. २०२०च्या महासाथीत घ्राणशक्ती गमावलेले अनेक रुग्ण 'तोंडाची चव गेली' अशीच तक्रार करीत होते, हे वाचकांना स्मरत असेल.

आता मराठीकडे वळू. 'सुगंध' आणि 'दुर्गंध' ही जोडी क्षणभर बाजूला ठेवली, तर स्वयंपाकघरातील मराठीत गंधाच्या शब्दांचा तुटवडा मुळीच दिसत नाही. करपट, खवट, कुबट, मातकट, धुरकट, जळकट हे शब्द चांगले-वाईट एवढेच सांगून थांबत नाहीत. वस्तूला काय झाले आहे तेही सांगतात. तेल किंवा खोबरे जुने होऊन बिघडले की ते खवट, बंद खोलीत ओल धरली की ती कुबट. यांतील 'ट' हा प्रत्यय आंबट, खारट, तुरट, तिखट या रुचिवाचक शब्दांतही आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. खोबऱ्याला खवट वास येतो आणि खोबरे खवट लागतेही. मातकट तर रंगही असतो, वासही आणि चवही. इंद्रियविज्ञानाला जी सरमिसळ प्रयोगाने सिद्ध करावी लागली, ती भाषेने आधीच गृहीत धरलेली आहे.

व्याकरणही उद्बोधक आहे. 'मला वास येतो', 'मला कडू लागते' या रचनांत अनुभव घेणारा चतुर्थीत असतो. संवेदना त्याच्याकडे चालत येते. 'मी वास घेतो', 'मी चव पाहतो' येथे तो कर्ता होतो. मानसशास्त्रातील वेदन आणि अवबोध यांच्या भेदाशी हा भेद पूर्णपणे जुळत नाही, तथापि त्याच्या जवळून जातो.

रुचीचे शब्दही स्थिर नसतात. आयुर्वेदातील कटुरस म्हणजे मिरी-पिंपळीचा झणझणीतपणा, आणि तिक्तरस म्हणजे कडुनिंबाचा कडवटपणा. 'कटु' या शब्दापासून आलेला मराठी 'कडू' मात्र दुसऱ्या घरात जाऊन बसला. रिकाम्या झालेल्या जागी 'तिखट' आला. हा 'तीक्ष्ण'चा वंशज. आणि 'तीक्ष्ण' व 'तिक्त' दोन्ही 'तिज्' या एकाच धातूपासून निघालेले! जीभ तीच राहिली, शब्दांनी जागा बदलल्या. शिवाय तिखट ही जिभेवरील रुचिकलिकांनी ग्रहण केलेली रुची नव्हेच. उष्णता व वेदना जाणणारे मज्जातंतूच ते ओळखतात. मिरचीतील द्रव्य ज्या ग्राहकाला चेतविते तो ग्राहक डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शोधून काढला. 'तोंड पोळले' असे म्हणणारा मराठी माणूस तेच सांगत होता.

येथवर ज्या मराठीचा विचार केला ती बव्हंशी पांढरपेशा घरातील. तीत इतके सापडत असेल, तर जेथे नाक आणि जीभ यांच्या निर्णयावर जेवण अवलंबून असते तेथे काय सापडेल? हा प्रश्न मला जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांकडे नेतो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी हे समाज येथे शेजारी शेजारी राहतात. नागली आणि वरई ही येथील मुख्य धान्ये. ती संपत येतात तेव्हा रानातील कंद आणि पाला यांवर भिस्त असते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे या भागाचे नाव देशभर झाले. येथे कोणता कंद खाण्याजोगा हा हौसेचा प्रश्न नव्हे.

कडूकंदाचेच उदाहरण घ्या. हा रानकंद तसाच खाता येत नाही. त्याच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडतात, मग टोपलीत घालून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात. कडूपणा पुरेसा उतरला की नाही हे ठरविण्यास जिभेवाचून दुसरे साधन नाही. कडू रुची ही विषाची सूचना होय असे जीवशास्त्र सांगते. येथे त्या सूचनेच्या पायऱ्या वाचाव्या लागतात. पावसाळ्याच्या तोंडी उगवणाऱ्या शेवळ्यांची गोष्ट निराळी. त्यांतील सुईसारख्या स्फटिकांनी घसा खवखवतो, म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. ही खवखव रुची म्हणावी की स्पर्श? षड्रसांच्या कोष्टकात तिला जागा नाही. स्वयंपाक करणारीच्या बोलण्यात मात्र ती आंबट-कडूच्या रांगेतच बसते. मोहाच्या फुलांच्या वासाला शहरी पाहुणा 'उग्र' म्हणून मोकळा होतो. पण बासमतीला सुवास देणारा रेणू मोहाच्या फुलांतही आढळला आहे. ताटातील भातात आपण ज्याला दाद देतो त्याचाच एक अंश झाडाखाली आपल्याला नकोसा वाटतो. तो वेदनातील भेद नसून अवबोधातील आहे.

गंध अनाम असतो या मताला पहिला सबळ धक्का मलाया द्वीपकल्पातील अरण्यवासी जाहाई लोकांच्या अभ्यासाने बसला. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली दाखवून दिले की, जाहाई भाषेत वस्तूच्या नावावर न विसंबणारे गंधवाचक शब्द सुमारे डझनभर आहेत आणि तिचे भाषक रंगांइतक्याच एकमताने गंधांना नावे देतात. इंग्रजी भाषकांना मात्र रंग जमले, गंध जमले नाहीत. पुढे २०१८ साली माजिद आणि निकोल क्रुस्पे यांनी त्याच प्रदेशातील दोन शेजारी समाजांची तुलना केली. त्यांत शिकार व संकलन करणाऱ्या सेमाक बेरींना गंध सहज सांगता आले. शेती करणाऱ्या सेमेलाईंना ते तितके जमले नाही. भाषा जवळच्या आणि अरण्य तेच असूनही हे घडले.

जव्हार-मोखाड्याचे शास्त्रीय मोल येथे आहे. कातकऱ्यांचे नावच कात काढण्याच्या व्यवसायावरून पडलेले. त्यांचा पूर्वापार निर्वाह रानावर होता. वारली आणि कोकणा हे शेतीही करतात, रानातही जातात. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कातकरी आणि वारली या दोन्ही बोलींची नोंद आहे. तथापि तेथे भर रूपांवर होता. संवेदनांच्या शब्दांची पद्धतशीर तुलना हे काम आपल्या विभागाने हाती घ्यावे असे मला वाटते.

मात्र पद्धतीविषयी सावध राहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः तयार केलेल्या एका प्रश्नावलीत 'सुवास' व 'दुर्वास' असे दोन स्तंभ होते. ते मी पुढे खोडले, कारण उत्तरे त्यांत निमूटपणे बसत होती. संस्कृत 'घ्राण' म्हणजे वास घेणे वा नाक. त्याच शब्दाची मराठीत 'घाण' झाली. असा इतिहास असलेल्या भाषेतून प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर आधीच हाती ठेवलेले असते. कुपीतला अर्क नाकाशी धरून 'याला काय म्हणता?' असे विचारण्यापेक्षा कंद धुतला जात असताना शेजारी बसावे, कोणती क्रियापदे येतात ती टिपावीत, आणि मुलांना काय सांगून सावध केले जाते ते ऐकावे. शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्या पिढ्यांची उत्तरे वेगळी नोंदवावीत. शेवळी थोडे आठवडेच मिळतात. तेव्हा पहिली फेरी जूनच्या आत ठरवावी लागेल.