हवाई शिपाई ते एअर व्हाइस मार्शल : हरजिंदरसिंग



२८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या बडोद्यात सी-२९५ या वाहतूक विमानाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. आपले पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ त्यासाठी आले होते. भारतीय वायुसेनेसाठी अशा ५६ विमानांचा करार २०२१ साली झाला. त्यांपैकी १६ स्पेनमध्ये आणि ४० बडोद्यात तयार करायची असे ठरले. ही विमाने वायुसेनेतील जुन्या ‘ॲव्हरो ७४८’ विमानांची जागा घेण्यासाठी आहेत. ते ॲव्हरो विमान भारतात तयार व्हावे म्हणून ज्यांनी जिवाचे रान केले, त्या हरजिंदरसिंगांचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून घेऊ.

भारतीय वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर तिची पहिली तुकडी उभी राहिली. विमाने फक्त चार, तीही ‘वापिटी’ नावाची जुनी, दोन पंखांच्या थरांची. अधिकारी मोजकेच होते आणि त्यांच्या हाताखाली भारतीय तंत्रज्ञांचा छोटा गट होता. या तंत्रज्ञांचा हुद्दा होता ‘हवाई शिपाई’. हरजिंदरसिंग त्यांपैकीच एक. लाहोरच्या मॅक्लॅगन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हा तरुण बाहेर चांगल्या नोकरीवर लागू शकला असता. त्याने वायुसेनेतील अगदी खालची पायरी पत्करली.

त्याला कारणही तसेच होते. भारतीय माणूस विमान उडवायला शिकेल, पण ते दुरुस्त करून पुन्हा उडण्याजोगे ठेवू शकेल का, अशी शंका तेव्हा अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांना होती. विमान एकट्या वैमानिकाच्या जोरावर उडत नाही. इंजिन पाहणारा फिटर आणि पंख, तारा, सांगाडा पाहणारा रिगर यांनी ‘ठीक आहे’ म्हटल्याशिवाय ते जमिनीवरून हलत नाही. म्हणजे हे हवाई शिपाई नापास ठरले असते, तर भारताची वायुसेनाच नापास ठरली असती. ते नापास झाले नाहीत.

पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४२ च्या फेब्रुवारीत हीच पहिली तुकडी ब्रह्मदेशातील टाँगू येथे पाठवली गेली. तुकडीचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर के. के. मजुमदार, आणि वॉरंट ऑफिसर हरजिंदरसिंग विमानांची देखभाल पाहत होते. त्यांच्याकडे होती ‘लायसँडर’ विमाने. सैन्याच्या डोक्यावर हळूहळू फिरून टेहळणी करावी, छोट्या मैदानात उतरावे, यासाठी ती बनवलेली होती. समोर जपानची वेगवान लढाऊ विमाने होती.

अशा वेळी हरजिंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायसँडरमध्ये फेरफार करून प्रत्येक विमानाला २५० पौंडी दोन बॉम्ब वाहता येतील अशी सोय केली. एक बॉम्ब म्हणजे सुमारे ११३ किलो. एवढे वजन विमानाला लटकवताना नुसता खिळा-स्क्रू पुरत नाही. दोन्ही बाजूंचा भार सारखा हवा, विमानाचा तोल पुढेमागे ढळता कामा नये, आणि वैमानिकाने कळ दाबताच बॉम्ब सुटला पाहिजे. एकच बॉम्ब सुटला आणि दुसरा अडकला तर परत उतरतानाच अपघात व्हायचा. या लायसँडरांनी थायलंडच्या हद्दीतील जपानी विमानतळावर हल्ला केला. टेहळणीचे विमान बॉम्बफेकीला गेले, ते जमिनीवर काम करणाऱ्या या हातांमुळे.

युद्धकाळातच हरजिंदरसिंगांना अधिकारीपद मिळाले. स्वातंत्र्यानंतर ते चढत चढत एअर व्हाइस मार्शल झाले आणि कानपूर येथील मेंटेनन्स कमांडचे प्रमुख बनले. (याच कमांडचे मुख्यालय पुढे नागपूरला गेले.) परदेशातून विमाने विकत घ्यायची आणि सुट्या भागांसाठी पुन्हा परदेशाचेच तोंड पाहायचे, ही गोष्ट त्यांना सलत असे. त्यांच्या पुढाकाराने कानपूरला चार आसनांचे ‘कानपूर-१’ हे छोटे विमान तयार झाले.

त्याहून मोठे काम पुढे आले. वायुसेनेच्या डाकोटा विमानांची जागा घेण्यासाठी ‘ॲव्हरो ७४८’ या दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या विमानाची निवड झाली आणि ते भारतातच तयार करायचे ठरले. १९६० च्या आरंभी कानपूरच्या चकेरी तळावर, जुन्या हँगरांमध्ये कारखाना सुरू झाला. १ नोव्हेंबर १९६१ रोजी, म्हणजे दोन वर्षांच्या आतच, पहिले विमान आकाशात झेपावले. वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचे १९६० मध्ये निधन झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ या विमानाला ‘सुब्रतो’ नाव देण्यात आले. मुखर्जी १९३३ मध्ये ड्रिग रोडला त्या पहिल्या तुकडीत वैमानिक होते. त्यांची वापिटी सज्ज ठेवणाऱ्या हवाई शिपायाने त्यांच्या नावाचे विमान बांधून दाखवले. १९६४ नंतर हा कारखाना हिंदुस्थान एरॉनॉटिक्सकडे आला आणि तेथे एकूण ८९ ॲव्हरो तयार झाली.

हरजिंदरसिंग १९७१ मध्ये वारले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९७७ साली प्रसिद्ध झाले.

बडोद्याला हातकौशल्याचा आदर नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन काढले. मुलांनी सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम शास्त्रीय पद्धतीने शिकावे हा त्यामागचा हेतू होता. तरीही आज आपल्या घरांतून ‘अभ्यास नाही केलास तर पाने-पक्कड घेऊन बसशील’ असे सहज बोलले जाते. हरजिंदरसिंग इंजिनिअरिंग शिकल्यावर पाने-पक्कड घेऊनच बसले होते. पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनीही हे वाक्य बोलण्यापूर्वी त्यांची आठवण ठेवावी.

आणि मित्रांनो, कानपूरची ॲव्हरो निवृत्त होऊन बडोद्याची सी-२९५ तिच्या जागी येणार असली, तरी तिलाही फिटर लागेल, वेल्डर लागेल, वायरिंग तपासणारा लागेल. तुमच्यापैकी कोणाला त्या कारखान्यात जावेसे वाटले, तर आजपासून गणित आणि कार्यशाळेचा तास दोन्ही मनापासून करा.