गोळी नको, हात धुवा

आजचा विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. नेमबाजी शिकणाऱ्या आपल्या लेकी सरावाहून घरी येतात तेव्हा त्यांच्या बोटांवर एक काळपट, चिकट डाग असतो. तो डाग कशाचा, तो किती मनावर घ्यायचा आणि तो कसा काढायचा, एवढंच आज बोलू या.

तुम्ही म्हणाल, आपल्या घरांत बंदुकीचा काय संबंध? पण आता तो आला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं ब्राँझपदक आणलं. या तिन्ही प्रकारांत वापरतात ते एकच छोटं काडतूस. त्याला सगळे ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. अशा बातम्या ऐकून आपल्याही मुली रेंजवर जाऊ लागल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. म्हणून आधीच सांगतो, हे बोलणं मुलींना खेळापासून मागे ओढण्यासाठी नाही. खेळ चालू राहावा आणि घरही सुरक्षित राहावं, यासाठी आहे.

आधी हे काडतूस कसं असतं ते समजून घेऊ. पितळेची एक छोटी पुंगळी असते. तिच्यात दारू भरलेली असते आणि तोंडाशी शिशाची गोळी दाबून बसवलेली असते. पुंगळीच्या बुडाला एक कड असते. ठिणगी पाडणारा मसाला त्या कडेच्या आतच असतो. बंदुकीची पिन कडेवर आपटली की मसाला पेटतो, मग दारू पेटते आणि गोळी सुटते. मोठ्या बंदुकांच्या अनेक गोळ्यांवर तांब्याचं जाड आवरण असतं. या छोट्या गोळीचं शिसं बहुधा उघडंच असतं. ते नळीला घासून चिकटू नये म्हणून गोळीवर मेणासारखं वंगण लावतात.

आता तो डाग कुठून येतो ते कळेल. स्पर्धेच्या भारी काडतुसांचा डबा ५० चा असतो आणि त्यात प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत उभं असतं. सरावासाठी घाऊक माल घेतला, तर कधी कधी शेकडो काडतुसं एकाच खोक्यात सुटी ओतलेली असतात. ती प्रवासात एकमेकांवर घासतात. मेण निघतं, मेणात शिशाची बारीक पूड मिसळते आणि पुंगळ्याही चिकट होतात. खोक्यात हात घातला, पन्नास-शंभर काडतुसं मोजून काढली, की बोटं काळी झालीच म्हणून समजा. म्हणजे एकही गोळी उडवायच्या आधीच हात माखलेले असतात.

गोळ्या उडवल्यावर त्यात आणखी भर पडते. दारूची काजळी येते, न जळलेले दारूचे कण येतात. ठिणगीच्या मसाल्यातही बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं, त्याचा धूर हातांवर, चेहऱ्यावर, केसांवर बसतो. शेवटी बंदूक साफ करताना चिंध्यांवर जे काळं तेल येतं, त्यातही शिसं असतंच.

एक हिशोब सांगतो. अशी एक गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची असते. ५०० गोळ्यांचं एक मोठं खोकं म्हणजे सुमारे १.३ किलो शिसं. त्यातलं बहुतेक शिसं लक्ष्यामागच्या भिंतीकडे जातं हे खरं. पण शिशाच्या बाबतीत चिमूटभरही पुष्कळ होतं. शरीरात किती शिसं गेलं तर चालतं, याची सुरक्षित मर्यादा माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग हातावरचं शिसं अंगात जातं कसं? बऱ्याच जणींना वाटतं, ते कातडीतून आत शिरतं. गोळीतलं शिसं कातडीतून फारसं जात नाही. ते जातं तोंडातून आणि श्वासातून. त्याच हातानं वडापाव खाल्ला, नखं कुरतडली, पाण्याच्या बाटलीचं झाकण दातानं उघडलं, की ते पोटात गेलं. रेंजवर कोणी तंबाखू मळत असेल, कोणी बोटानं मिश्री लावत असेल, तर शिसं सरळ तोंडातच. आणि आपली एक सवय आठवा. हात पदराला किंवा ओढणीला पुसायचे आणि मग त्याच पदरानं बाळाचं तोंड पुसायचं. बाळ कधी रेंजवर गेलेलं नसतं, पण शिसं बाळापर्यंत पोचतं.

खरी काळजी इथे आहे. तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर जेवढं शोषून घेतं, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाचं शरीर शोषून घेऊ शकतं. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो. शिकणं, लक्ष लागणं, वागणं यांत फरक पडतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. मोठ्यांच्या शरीरात शिसं हाडांत साठून राहतं, वर्षानुवर्षं. बाई गरोदर राहिली की हाडांतलं हे शिसं पुन्हा रक्तात उतरतं आणि वारेतून बाळाकडे जातं. म्हणजे आज पंधरा वर्षांची मुलगी हात धुते, ते तिच्या उद्यासाठीही असतं.

आता उपाय. पहिली गोष्ट, हात धुवा, गोळी धुऊ नका. चिकट काडतुसं पाहून काही जणांना वाटतं, रॉकेलमध्ये बुचकळून पुसून घ्यावीत किंवा साबणाच्या पाण्यातून काढावीत. असं मुळीच करू नये. गोळी पुंगळीत फक्त दाबून बसवलेली असते. तेल किंवा पाणी फटीतून आत शिरलं की दारू आणि मसाला बिघडतो. मग काडतूस उडतच नाही किंवा अर्धवट उडतं. अर्धवट उडालं तर गोळी नळीतच अडकू शकते आणि त्यावर दुसरी गोळी झाडली तर नळी फुटू शकते. शिवाय ते मेण कंपनीनं मुद्दाम लावलेलं असतं. ते काढलं तर नळीत शिसं चिकटतं आणि नेमही बिघडतो. काडतुसं खोक्यात घालून जोरात हलवू नयेत, घासू नयेत. कडेतला मसाला मार लागला की पेटतो, हे विसरायचं नाही. काडतुसाला वाळू-माती लागलेली दिसली, तर ते बाजूला ठेवून प्रशिक्षकांना दाखवायचं.

दुसरी गोष्ट, सुटा माल मोजायचा, पन्नास-पन्नासचे वाटे करायचे, तर ते काम रेंजवरच करावं, घरच्या ओट्यावर किंवा पलंगावर नाही. वापरून टाकायचे पातळ रबरी हातमोजे घालावेत. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरावं आणि काम झालं की ते आतल्या बाजूला घडी घालून टाकावं. काडतुसं परवान्याप्रमाणे आणि कुलपातच ठेवायची असतात, हे तर कायद्यानंच सांगितलं आहे.

तिसरी गोष्ट, हात कसे धुवायचे. नुसत्या पाण्यानं हा डाग निघत नाही, कारण शिसं मेणात अडकलेलं असतं आणि मेणाला पाणी लागत नाही. आधी कागदानं हात कोरडे पुसून घ्या. डाग फारच चिवट असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून पुन्हा कागदानं पुसा. मग साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगट, सगळं चोळा आणि पुन्हा एकदा साबण लावा. त्यानंतर तोंड धुवा. सॅनिटायझर इथे उपयोगाचा नाही. तो जंतू मारतो, पण शिसं हातावरच राहतं, उलट ते पसरतं. रॉकेल, पेट्रोल, थिनरनं हात धुऊ नयेत, त्यानं कातडी कोरडी पडून फुटते. नखं बारीक कापलेली ठेवावीत. आणि हात धुवायची जागा रेंजवरचं बेसिन. तिथे सोय नसेल तर घरी आल्याबरोबर मोरी. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नको.

हात धुतल्याशिवाय डब्याला, बाटलीला, मोबाइलला हात लावायचा नाही, हा नियम मुलीच्या अंगवळणी पडायला हवा. मोबाइल तर नंतर धाकट्या भावाच्या हातात जातो, कधी त्याच्या तोंडातही.

चौथी गोष्ट, कपडे. सरावाचे कपडे घरात झटकू नका. ते वेगळे भिजवा, वेगळे धुवा. बाळाच्या दुपट्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. नेमबाजीचं जाड जाकीट रोज धुता येत नाही, म्हणून ते ओल्या कापडानं पुसून त्याच्या पिशवीतच ठेवावं. पिशवी आणि बूट दाराजवळ ठेवायचे, गादीवर किंवा मूल खेळतं त्या सतरंजीवर नाहीत. मुलीनं आंघोळ करून, केस धुऊन मगच धाकट्यांना जवळ घ्यावं.

पाचवी गोष्ट, केरकचरा. इथे आम्हाला एका बाईची आठवण तुम्हाला करून द्यायची आहे. रेंज झाडायला येणाऱ्या मावशींची. त्या एकही गोळी उडवत नाहीत, पण जमिनीवर बसलेली शिशाची धूळ कोरड्या झाडूनं उडते आणि त्यांच्याच नाकातोंडात जाते. रेंजवर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्यानं पुसावं. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनरही वापरू नये. तो बारीक धूळ मागून पुन्हा हवेत सोडतो आणि न जळलेली दारू त्यात पेट घेऊ शकते. पालकांच्या सभेत तुम्ही फी विचारता, वेळ विचारता. त्याबरोबर हेही विचारा, इथे साबण-पाणी आहे का? हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे जाते का? आणि मावशींना हातमोजे, मास्क आणि ओलं पुसायचं साहित्य मिळतं का?

काळ्या झालेल्या चिंध्या, कागद, हातमोजे पिशवीत बांधून रेंजवरच द्यावेत. ते चुलीत किंवा पाण्याच्या बंबात टाकू नका. जळताना शिशाचा धूर होतो आणि तो घरभर पसरतो. रिकाम्या पुंगळ्या शोभेला किंवा मुलांना खेळायला आणू नका. न उडालेलं काडतूस कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नका, ते रेंजच्या अधिकाऱ्यांकडेच परत द्यायचं. मागच्या भिंतीतलं शिसं गोळा करून घरी वितळवायचं, जाळ्याला वजनं करायची, असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा.

ज्यांच्या मुली अजून एअर रायफलवरच आहेत, त्यांनीही हे ऐकून ठेवावं. त्यातले छर्रेही बहुतेक शिशाचेच असतात. छर्रे ओठांत धरून ठेवायची सवय काही मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा.

तपासणीचंही सांगतो. शिसं शरीरात गेलं तर सुरुवातीला बहुधा काहीच कळत नाही. पुढे पोटदुखी, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड, थकवा, रक्त कमी होणं असं दिसू शकतं. ही लक्षणं शंभर कारणांनी होतात, म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मुलगी नेमबाजी करते.’ रक्तातलं शिसं नेहमीच्या रक्ततपासणीत कळत नाही, त्याची वेगळी तपासणी करावी लागते. नियमित सराव करणारीनं डॉक्टरांना विचारून ती करून घ्यावी. गरोदर असाल किंवा तशी तयारी असेल, तर सराव चालू ठेवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

खाण्यानं अंगातलं शिसं निघून जात नाही, कुठल्याही काढ्यानं जात नाही. पण लोह आणि कॅल्शियम कमी असलं तर शरीर जास्त शिसं ओढून घेतं. उपाशी पोटीही ते जास्त शोषलं जातं. म्हणून मुलीला पोटभर न्याहारी देऊनच रेंजवर पाठवा. नाचणी, तीळ, पालेभाजी, डाळी, दूध, हे आपल्या घरातलंच आहे.

मैत्रिणींनो, यात महागडं काही नाही. एक साबणाची वडी, थोडे जुने कागद, कपड्यांची वेगळी बादली आणि दारातच एक सवय. लेक सरावाहून आली की आपण विचारतो, ‘आज किती गुण पडले?’ त्याच्या आधी विचारू या, ‘हात धुतलेस का गं?’