शौचालयातील वाहती टाकी

शौचालयातील फ्लशच्या टाकीतून सतत सळसळ ऐकू येऊ लागली, म्हणजे पाणी वाया जात आहे असे समजावे. नागपूर शहराला पेंच जलाशय व कन्हान नदी येथून पाणी आणावे लागते. ते असे दवडणे उचित नव्हे.

प्रथम टाकीचे झाकण काढून पाहावे. पाणी आतील उभ्या नळीच्या तोंडातून वाहून जात असेल, तर तरंगता गोळा थोडा खाली करावा, म्हणजे पाणी त्या तोंडाखाली सुमारे 2 सेंटिमीटरवर थांबेल. पातळी योग्य असूनही पाणी वाहत असल्याची शंका आली, तर टाकीत थोडी शाई घालून अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग दिसल्यास तळाचे रबर झिजले आहे किंवा त्यावर क्षार बसला आहे, असे जाणावे. मग पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी व रबर स्वच्छ पुसावे. तेवढ्याने न भागल्यास ते बदलावे.

गळती मिनिटास केवळ 200 मिलिलिटर धरली, तरी 24 तासांत 288 लिटर पाणी जाते. हे उदाहरण शिक्षकांनी मुलांकडून फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे. स्वतः काढलेले उत्तर मुले घरी सांगतात, आणि घरची टाकी दुरुस्त होण्यास तेवढे निमित्त पुरते.