बिनपगारी रजा : हक्क किती, मर्जी किती?

कवठे येमाईहून रांजणगाव एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याची आई अंथरुणाला खिळली, तर?

● कारखाना : आजारी आईवडिलांसाठी वेगळी बिनपगारी रजा देणारा केंद्रीय कायदा नाही, ती मालकाच्या मंजुरीवर. हक्काची ती भरपगारी रजा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू असलेल्या केंद्रीय कामगार संहितेनुसार वर्षात १८० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक. १९४८च्या कारखाने अधिनियमात अट २४० दिवसांची होती.

● बिनपगारी रजा आणि खाडा : पगार दोन्हीत कापला जातो. पण मंजुरीविना राहिलेला दिवस गैरहजेरी ठरतो, कारवाई होऊ शकते. अर्ज लेखीच द्यावा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. हा कागद फार मोलाचा.

● राज्य सरकारी नोकरी : १९८१च्या रजा नियमांत बिनपगारी ‘असाधारण रजा’ आहे. २०१८पासून महिलांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा, ती भरपगारी.

● रोजंदारी : कांद्याच्या काढणीला जाणाऱ्या बाईला रजाच नाही. खाडा झाला की मजुरी बुडाली.

● अमेरिका : १९९३चा कायदा, पात्र नोकरदाराला वर्षात १२ आठवडे बिनपगारी, नोकरी राखून. आईवडील, जोडीदार, मूल यांच्यासाठी. सासू-सासरे त्यात नाहीत.